नाटक वर्गात येऊ द्या

आमच्या मुलांना नाटक शिकवावे लागत नाही. पेडणे-डिचोलीतले मूल आईच्या मांडीवर बसून जत्रेतले नाटक पाहते, मंडपातच झोपते. तेच मूल शाळेत आले की आम्ही मास्तर त्याला पहिला धडा देतो: गप्प बस! मीही पंचवीस वर्षे हेच केले, म्हणून हक्काने बोलतो.

नाटक आम्ही स्नेहसंमेलनात कोंडले. बाईंनी लिहायचे, मुलांनी घोकायचे, पाहुण्यांनी टाळ्या वाजवायच्या. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कलेची सांगड सर्व विषयांशी घाला म्हटले; मी पाहिले त्यात तरी त्याचे फोटो आणि अहवालच झाले. मला हवे ते नाटक निराळे. पेडण्याकडच्या दशावतारात नटाच्या हाती संहिता नसते. कथानक ठाऊक, संवाद मात्र उभ्या उभ्या रचायचे. कथा समजली नसेल तर नट तिथेच उघडा पडतो. याहून कडक तोंडी परीक्षा कोणती?

शिरगावचेच उदाहरण घ्या. खाणीचा खंदक भूजलाच्या पातळीखाली गेला आणि पंप लागले की विहिरी आटतात, हे इथल्या घरोघरी ठाऊक आहे. नववीला भूजल शिकवून झाल्यावर मी म्हटले, "आता करून दाखवा." एक मुलगी विहीर झाली, एकजण खंदक, एकजण पंप. पंप धडधडू लागताच विहीर ओरडली, "म्हजें उदक खंय व्हरता रे?" खंदक म्हणाला, "हांव तुजेपरस खोल, उदक म्हजेकडेन येतलेंच!" मग पाऊस ऐटीत आला. "मी आलो की विहीर त्याच दिवशी भरणार!" विहिरीने विचारले, "पंप चालू आसतना?" पाऊस गप्प. त्यावर वर्ग पाव तास भांडला.

या पावसाला घटक चाचणीत पैकीच्या पैकी गुण होते. विहिरीने लिहिल्या होत्या तीन मोडक्या इंग्रजी ओळी. घरी कोकणी, चौथीपर्यंत मराठी, पाचवीपासून पुस्तक इंग्रजी. वाक्य अडले की विज्ञानच अडले, असा शेरा मारून आम्ही मोकळे! तिला विषय समजला होता, आणि ते मला नाटकाविना कधीच कळले नसते.

"पोर्शन कधी पुरा करणार?" सहकारी विचारतात. एक पालक तर तावातावाने आले: "सर, भुरग्याक शिकपाक धाडलां, नाटकां करपाक न्हय." इंग्रजी उत्तर शेवटी लिहावेच लागते, हे मला मान्य. आम्ही ते नाटकानंतर लिहितो, आणि तेव्हा ते कमी घोकावे लागते. प्रत्येक पाठाचे नाटक करा असेही मी म्हणत नाही. वर्गमुळाचे नाटक करू गेलो नि फजिती झाली.

पालकांना मी वर्गात बसवले. त्या दिवशी प्रकाशाचे अपवर्तन होते. मुले हातात हात घालून फरशीवरून तिरपी निघाली, पुढे वाळू. वाळूत आधी पोचलेल्यांचा वेग मंदावला आणि अख्खी रांग वळली. पालक उठले, चपला काढल्या आणि रांगेच्या टोकाला जाऊन उभे राहिले.