ब्रेक तपासणे हेही शिक्षणच

शाळा सुटण्याच्या वेळी फाटकापाशी दहा मिनिटे उभे राहून नुसते ऐकावे. मुलांचा गलका, हॉर्न, आणि त्यामध्येच थांबणाऱ्या दुचाक्यांचे आवाज. कुठे चीं करून किंचाळी, कुठे लोखंडावर लोखंड घासल्यासारखी खरखर. त्या आवाजाकडे कोणी वळूनही पाहत नाही. दप्तर पुढे, एक मूल मध्ये, एक मागे, आणि गाडी दांडिया बाजाराच्या किंवा रावपुऱ्याच्या गर्दीत शिरते. आम्ही यावर लिहायचे ठरवले ते ह्या खरखरीमुळे. मुलांचा डबा, गणवेश, गुण यांची चौकशी रोज करणारे आपण, त्यांना शाळेत आणणारी गाडी थांबते की नाही याची चौकशी वर्षातून एकदाही करत नाही.

आधी आमचीच चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही मोटारसायकलीवरून पावागडला गेलो होतो. बडोद्याहून पावागड पन्नासेक किलोमीटर, म्हणजे सकाळी निघून जेवायच्या वेळेला परत येण्याजोगा. माचीवरून वळणे घेत उतरताना पुढचा ब्रेक सारखा दाबत होतो. एका वळणावर ब्रेकची दांडी मऊ लागली आणि पाहता पाहता थेट मुठीला टेकली. गाडी थांबली ती मागच्या ब्रेकने, गिअर उतरवून, आणि नशिबाने. अर्धा तास सावलीत बसलो. नंतर दाबून पाहिले तर दांडी पुन्हा ठीक! तेव्हा तो चमत्कार वाटला. घरी येऊन ब्रेक ऑइलच्या डबीचे झाकण उघडले तेव्हा कारण दिसले. आतला द्रव चहाच्या रंगाचा झाला होता. गाडी घेतल्यापासून पाच वर्षांत तो एकदाही बदललेला नव्हता. सर्व्हिसिंग नियमित होत होती, इंजिन ऑइल बदलत होतो. पण ब्रेक ऑइल बदला असे आम्हीच कधी सांगितले नव्हते. सांगायचे असते हेच ठाऊक नव्हते.

यात विज्ञान काय आहे ते वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांनी लक्ष देऊन वाचावे. बंदिस्त द्रवावर एका जागी दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हा पास्कलचा नियम. डिस्क ब्रेकच्या दांडीखाली एक लहान दट्ट्या असतो आणि चाकापाशी, कॅलिपरमध्ये, मोठा. मोठ्याचे क्षेत्रफळ पाचपट असेल तर जोरही पाचपट मिळतो. म्हणून दोन बोटांच्या दाबाने दोन माणसांचे वजन घेऊन धावणारी गाडी थांबते. मात्र हे सारे एका गोष्टीवर अवलंबून आहे: द्रव दाबला जात नाही, वायू दाबला जातो. नळीत हवेचा बुडबुडा असला की बोटांचा जोर त्या बुडबुड्याला दाबण्यातच खर्च होतो, आणि दांडी स्पंजासारखी लागते.

बुडबुडा येतो कुठून? कधी सांध्यातून, कधी डबीतला द्रव फार खाली गेल्यामुळे. पण आमच्या पावागडच्या प्रसंगात तो आतच तयार झाला होता. आपण ज्याला ब्रेक ऑइल म्हणतो ते खरे तर तेल नाहीच. नेहमीच्या डॉट ३ किंवा डॉट ४ प्रकारचा हा द्रव हवेतला ओलावा शोषून घेतो. नवा डॉट ४ किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात साडेतीन-पावणेचार टक्के पाणी मिसळले की ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. डॉट ३ चे हेच आकडे २०५ आणि १४० आहेत. उतारावर सारखा ब्रेक दाबला की डिस्क आणि पॅड तापतात, ती उष्णता द्रवात उतरते, पाणी मुरलेला द्रव उकळतो आणि त्याची वाफ होते. वाफ म्हणजे वायू, आणि वायू दाबला जातो. थंड झाल्यावर वाफेचे पुन्हा पाणी होते, म्हणून अर्ध्या तासाने दांडी ठीक वाटली होती. चमत्कार नव्हे, इशारा होता तो.

बडोद्याला तर ओलाव्याची भीती अधिकच. ३१ जुलै २०१९ चा पाऊस कोण विसरेल? एका दिवसात वीसेक इंच. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीने २६ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्याही वर पाणी नेले, आणि कितीतरी सोसायट्यांत दुचाक्या हँडलपर्यंत बुडाल्या. पूर ओसरल्यावर घराघरांतून एकच प्रश्न ऐकू येत होता: ‘गाडी सुरू झाली का?’ ‘गाडी थांबते का?’ असे विचारणारे फार थोडे भेटले. बुडालेल्या गाडीच्या ड्रममध्ये गाळ साचतो, कॅलिपरच्या पिना गंजून अडकतात, ब्रेकच्या डबीत पाणी शिरू शकते. अशा गाडीचे ब्रेक उघडून साफ करणे आणि द्रव बदलणे हे इंजिनाइतकेच निकडीचे असते.

आता घरी काय करता येईल ते सांगतो. आधी तपासणी, ती तर शाळकरी मुलांनाही मोठ्यांच्या समोर करता येते. गाडी स्टँडवर असावी, इंजिन बंद आणि गार असावे. डबीच्या काचेतून द्रवाची पातळी खालच्या खुणेच्या वर आहे का? रंग फिकट सोनेरी आहे की चहासारखा? पॅडवरची खाच दिसते का? ती झिजून नाहीशी झाली म्हणजे पॅड संपले. आपल्या बहुतेक स्कूटरना ड्रम ब्रेक असतात. त्यांच्या मागच्या चाकापाशी अनेकदा एक लहान बाण असतो. ब्रेक पूर्ण दाबल्यावर तो खुणेला टेकला की लायनर बदलायची वेळ झाली. दांडी किंवा पायाचा ब्रेक किती दाबल्यावर लागतो, केबलचे धागे तुटले आहेत का, हेही पाहावे. ज्यांच्याकडे सायकल आहे त्यांनी हीच तपासणी सायकलची करावी. सगळे मिळून दहा मिनिटांचे काम.

दुसरे काम हवा काढण्याचे आणि द्रव बदलण्याचे. हे मोठ्यांनीच करावे, आणि पहिल्या वेळी जाणकाराला शेजारी बसवून. गाडीच्या डबीवर जो प्रकार छापला असेल त्याच प्रकारची, सील न तोडलेली नवी बाटली आणावी. उघडी राहिलेली जुनी बाटली कपाटातच ओलावा पिऊन बसलेली असते. निपलच्या मापाचा रिंग पाना, मासे पाळणाऱ्यांच्या दुकानात मिळते तशी पारदर्शक नळी, आणि एक रिकामी बाटली एवढेच सामान लागते. टाकीवर ओले फडके पसरावे, कारण हा द्रव रंग खातो. थेंब पडलाच तर लगेच पाण्याने धुवावा. हात आणि डोळे सांभाळावेत.

मग दोघांनी बसावे. एकाचा हात दांडीवर, दुसऱ्याचा पान्यावर. पहिल्याने दांडी सावकाश दाबून धरायची. दुसऱ्याने निपल पाव फेरा सैल करायचा. जुना द्रव आणि बुडबुडे नळीतून बाटलीत येतात आणि दांडी खाली जाते. ती तशीच दाबून धरलेली असतानाच निपल बंद करायचा, आणि त्यानंतरच दांडी सोडायची. क्रम चुकला तर बाहेरची हवा आत ओढली जाते. स्वच्छ, बुडबुडा नसलेला द्रव येईपर्यंत हे पुन्हा पुन्हा करायचे, आणि डबी मधूनमधून भरत राहायची. आम्ही पहिल्यांदा केले तेव्हा बोलण्याच्या नादात डबी रिकामी झाली, सगळी नळी हवेने भरली आणि रविवारची दुपार गेली. टाकीवरचा एक रुपयाएवढा रंगही गेला. तो डाग आम्ही मुद्दाम तसाच ठेवला आहे.

शेवटी निपल बेताचा घट्ट करावा. जास्त जोर लावला तर तो मोडतो. दांडी दगडासारखी लागली पाहिजे, मिनिटभर दाबून धरली तरी खाली सरकता कामा नये. आधी गाडी हाताने ढकलत ब्रेक पाहावा, मग सोसायटीच्या आवारात अगदी हळू चालवून. जुना द्रव गटारात ओतू नये. गटारातून तो विश्वामित्रीत जातो. बंद बाटलीत भरून, जुने ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्यावा. साधारण दर दोन वर्षांनी, किंवा गाडीच्या पुस्तिकेत लिहिले असेल तेव्हा, हे करावे.

कुठे थांबायचे हेही शिकायला हवे. एबीएस असलेल्या गाड्यांत काही वेळा हवा काढायला कंपनीचे यंत्र लागते; तिथे सर्व्हिस सेंटरलाच जावे. डिस्क किंवा पॅडला कधीही तेल लावू नये. डबीत इंजिन ऑइल घातले तर आतले रबर फुगून ब्रेकच निकामी होतो. ‘ब्रेक ऑइल’ हे चुकीचे नाव रुळल्याने ही चूक होऊ शकते. ड्रममधली धूळ फुंकर मारून उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. आणि काम झाल्यावर दांडी मऊ वाटली तर गाडी चालवू नये, मग तो परीक्षेचा दिवस का असेना.

एका पालकांनी आम्हाला विचारले, ‘हे मिस्त्रीचे काम, आपण कशाला हात काळे करायचे? ब्रेक म्हणजे खेळ नव्हे.’ त्यांची काळजी रास्त आहे. अर्धवट माहितीने ब्रेक उघडणे हे न उघडण्याहून वाईट. पण आम्ही मिस्त्रीला बाजूला सारा असे म्हणत नाही. चांगल्या मिस्त्रीला जाणते गिऱ्हाईक हवेच असते. ज्याला द्रवाचा रंग ओळखता येतो तो वेळेवर जातो, नेमके सांगतो आणि काम झाले की नाही ते समजून घेतो. ज्याला काहीच कळत नाही, तो गाडी थांबेनाशी झाल्यावर जातो. ताशी ४० किलोमीटरच्या वेगात गाडी सेकंदाला ११ मीटर धावते. ब्रेक एक सेकंद उशिरा लागला तर किती अंतर जाते, ते आपल्या वर्गात पट्टीने मोजून पाहावे.

राहिला प्रश्न, हे शाळेने का शिकवावे? बडोद्यात तरी हा प्रश्न पडू नये. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये इथे कलाभवन सुरू केले. प्रा. त्रिभुवनदास गज्जर त्याचे पहिले प्रमुख. हाताचे काम आणि शास्त्र एकाच ठिकाणी, तेही आपल्या भाषेत शिकवावे हा त्यामागचा आग्रह होता. दादासाहेब फाळके तिथलेच विद्यार्थी. त्याच कलाभवनाची पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान विद्याशाखा झाली. ज्या गावाने सव्वाशे वर्षांपूर्वी हे ओळखले, त्या गावच्या मराठी शाळेत पास्कलचा नियम फळ्यावरच राहावा आणि फाटकाबाहेरची गाडी खरखरत निघावी, हे बरे दिसत नाही.

म्हणून सन्माननीय विश्वस्तांना आमची विनंती आहे. वर्षातले दोन रविवार ह्या कामाला द्यावेत: एक जूनमध्ये पावसाआधी, एक दिवाळीनंतर. शाळेच्या आवारात एखाद्या अनुभवी मिस्त्रीला मानधन देऊन, सन्मानाने बोलवावे, आणि विज्ञानाच्या बाईंनी किंवा सरांनी शेजारी उभे राहून नियम समजावावा. पालकांनी गाड्या आणाव्यात, मुलांनी वहीत नोंद करावी: पातळी, रंग, पॅड, केबल. खर्च दोन-तीन पान्यांचा, चार बाटल्यांचा आणि चहाचा.

पालकांनाही एक गोष्ट स्पष्ट सांगतो. मुलांना ब्रेक तपासायला शिकवा, याचा अर्थ गाडी त्यांच्या हाती द्या असा नाही. आज रस्त्यावर दिसणाऱ्या नेहमीच्या स्कूटर आणि मोटारसायकली चालवायला वयाची १८ वर्षे पूर्ण लागतात. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण दंडाच्या भीतीपेक्षा दुसरे कारण मोठे आहे. गाडी थांबवणे किती गोष्टींवर अवलंबून असते हे ज्या मुलाने स्वतः पाहिले, ते चालवायची घाई कमी करते, असे आम्हाला वाटते.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही वाट पाहू नका. येत्या रविवारी सकाळी बाबांना, आईला, काकांना हात धरून गाडीपाशी न्या आणि विचारा, ‘ह्या डबीतला द्रव शेवटचा कधी बदलला?’ उत्तर लगेच आले तर शाबासकी द्या. ते नुसतेच हसून विचारात पडले, तर डबीच्या काचेतून रंग पाहा आणि सोमवारी शाळेत येताना त्यांना गाडी जरा हळू चालवायला सांगा.