कबूल म्हणण्यापूर्वी

‘एकदा कबूल म्हण, दंड भर आणि मोकळा हो.’ पोलिसांच्या तावडीत सापडलेल्या पोराला कांदिवलीच्या आमच्या धर्मग्रामातील सुजाण मंडळीही हाच सल्ला देतात, याचे आम्हांस सखेद आश्चर्य वाटते. मोकळा कसला! दंडाधिकाऱ्यांपुढे गुन्हा कबूल करून दोषी ठरलेल्यास दोषसिद्धीविरुद्ध अपील नाही. शिक्षा जास्त झाली किंवा बेकायदेशीर झाली, एवढेच वर मांडता येते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ३७५ हे सांगत होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिताही तेच सांगते.

अजमल कसाबने २० जुलै २००९ रोजी भर न्यायालयात कबुली दिली. न्यायाधीश टहलियानी यांनी तेवढ्यावर निकाल न देता खटला पुढे चालविला. त्याचे अपील सर्वोच्च न्यायालयापर्यंत ऐकले गेले, आणि ते योग्यच झाले. मग वकील नसलेल्या मजुराच्या पोराची कबुली घाईघाईने का उरकावी? ती शक्यतो त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावी, असे कायदाच बजावतो.

पापनिवेदनाच्या जाळीपुढे कबुलीला क्षमा मिळते, न्यायालयात शिक्का बसतो. अपराध्याने खोटे बोलावे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. परंतु ख्रिस्तसभेचा स्वतःचा कायदाही (कॅनन १७२८) आरोपीवर कबुलीची सक्ती करीत नाही. कोठडीतील माणसाला मोफत वकिलाचा हक्क १९८७ च्या विधी सेवा कायद्याने दिला आहे. बोरिवलीच्या न्यायालयात उभे राहताच तो आधी मागावा, उत्तर मग द्यावे.