पिंपळगावची खाण

पिंपळगाव बसवंतच्या शिवारात विहीर खोदताना जो काळा कातळ सुरुंगाने फोडतात, त्यात लोखंड आहे असे सांगितले तर पटेल का? आहे, आणि थोडेथोडके नाही. आपल्या १०० किलो बेसाल्टमध्ये सुमारे ९-१० किलो लोह असते. कादवेच्या कोरड्या वाळूतून लोहचुंबक फिरवा; मॅग्नेटाइटचे काळे कण मिशांसारखे त्याला चिकटतील.

मग येथे लोखंडाची खाण का नाही?

पाठ्यपुस्तकातील धडा एकदम झोतभट्टीपाशी सुरू होतो. माझ्या मते तो या प्रश्नापासून सुरू व्हावा. गडचिरोलीतील सुरजागडच्या हेमॅटाइटमध्ये लोह ६० टक्क्यांच्या घरात असते, आणि ते केवळ ऑक्सिजनशी जोडलेले असते. भट्टीत कोकपासून बनणारा कार्बन मोनॉक्साइड तो ऑक्सिजन काढून घेतो. चुनखडी वाळूमातीशी संयोग पावून मळी बनते. बेसाल्टमधील लोह मात्र बहुतांशी सिलिकेटांत अडकलेले. टनभर लोखंडासाठी ९ टन दगड वितळवून बाजूला टाकावा लागेल! म्हणून आपला कातळ धातुक नव्हे. परवडेल अशा खर्चात धातू देते, तेच खनिज धातुक.

आता हीच कसोटी द्राक्षबागेच्या मांडवाला लावा. अँगल आणि तारा मिळून ९५ टक्क्यांहून अधिक लोह! ऑक्सिजन काढण्याचे काम कधीच झालेले आहे. आता फक्त वितळवायचे. जालन्याच्या कारखान्यांत भंगार विजेच्या भट्टीत वितळवून सळ्या करतात. धातुकापासून टनभर पोलाद करताना सुमारे २ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. भंगारापासून त्याहून पुष्कळच कमी.

आणि आपण काय करतो? बाग काढली की तारांची भेंडोळी बांधावर टाकून देतो. जस्ताचा मुलामा गेला की गंज चढतो. गंज म्हणजे लोहाचे ऑक्साइडच. कोक जाळून जो ऑक्सिजन काढला, तोच हवा फुकटात परत बसवते.

भंगाराने देशाची सगळी गरज भागणार नाही, खाणी लागतीलच, हे खरे. पण सुरजागडचा डोंगर फोडायचा आणि हाताशी असलेले लोखंड गंजू द्यायचे, हा हिशेब मला पटत नाही.

शिक्षकांनी हे गणित मुलांना घालावे: मीटरभर तार तोला, एका एकरातील तारेची लांबी मोजा, गुणाकार करा. अँगल मोजायला विसरू नका. वजन खरे त्यांचेच!