जमीन रयतेची, मासा धनिकाचा

स्कॉटलंडच्या वायव्य समुद्रातील हॅरिस येथे अ‍ॅव्हिनसुई नावाची एक दगडी गढी किनाऱ्यालगत उभी आहे. डनमोरच्या अर्लने ती १८६५ च्या सुमारास बांधविली. तिच्या शेजारीच नदी समुद्राला मिळते आणि हंगामात सॅमन मासे उड्या घेत वर चढतात. गढीचे खरे मोल भिंतींत नाही, ह्या माशांत आहे. गळ टाकण्याच्या श्रीमंती छंदासाठी अशा वास्तू बांधल्या गेल्या, आणि आज त्या ‘ऐतिहासिक’ म्हणून बाजारात विकल्या जातात.

परंतु इतिहास केवळ गढीलाच असतो काय? एकोणिसाव्या शतकात हॅरिसच्या पश्चिम किनाऱ्यावरील सुपीक जमिनीतून कुळांना हुसकावून मेंढ्यांसाठी कुरणे मोकळी करण्यात आली. उठविलेली कुटुंबे पूर्वेच्या खडकाळ खाड्यांत फेकली गेली. १८८६ च्या कायद्याने ह्या क्रॉफ्टर कुळांना वहिवाटीची शाश्वती आणि वाजवी खंड मिळाला. मालकी मात्र धन्याकडेच राहिली. १९१९ मध्ये हॅरिस विकत घेतले ते लॉर्ड लेव्हरह्यूमने. ज्याचा सनलाइट साबण हिंदुस्थानातही खपत असे, तोच हा कारखानदार. मासेमारीचे मोठे बंदर उभारण्याचा त्याचा मनोदय होता. १९२५ मध्ये तो वारला आणि योजना गुंडाळली गेली. एका माणसाच्या नाडीवर साऱ्या मुलुखाची रोजीरोटी टांगलेली असली की असेच व्हायचे!

२००३ मध्ये चित्र पालटले. उत्तर हॅरिसची जहागीर विक्रीला निघाली, तेव्हा तेथील रहिवाशांनी न्यास स्थापून सार्वजनिक निधीच्या साहाय्याने सुमारे ५५,००० एकर जमीन विकत घेतली. न्यासाचे संचालक रहिवासीच निवडून देतात. घरांसाठी जागा, पवनविद्युत ह्यांचे निर्णय आता गावात होतात. हा विजय लहान नव्हे. तथापि त्याच व्यवहारात गढी आणि मासेमारीचे हक्क एका खासगी उद्योजकाने घेतले.

हे शक्य होते, कारण स्कॉटलंडच्या कायद्यात सॅमन धरण्याचा हक्क ही जमिनीहून वेगळी, स्वतंत्रपणे विकता येणारी मालमत्ता आहे. डोंगर गावाचा, त्यावर पडणारे पाणी गावाचे. पण त्या पाण्यात चढणारा मासा परक्याचा! मासा कोणत्याही मालकाने निर्माण केलेला नाही. त्याच्या दुर्मिळतेपोटी मिळणारे उत्पन्न हा अर्थशास्त्राच्या भाषेत शुद्ध खंड होय, श्रमाचे फळ नव्हे. गढीच्या किमतीत हा खंडच भांडवली रूपाने दडलेला असतो.

धनिक पाहुणे येतात म्हणून नोकऱ्या मिळतात, इमारतीची डागडुजी होते, तोटा मालक सोसतो, असा युक्तिवाद केला जातो. तो सर्वस्वी खोटा नाही. नोकरी देणारा मालक सज्जनही असू शकतो. पण पुढचा खरेदीदार तसाच असेल, ह्याची हमी कोणता करार देतो? सज्जनपणा खरेदीखताबरोबर हस्तांतरित होत नाही.

पर्यायही काल्पनिक नाही. २००६ मध्ये साउथ उइस्टच्या लोकांनी शिकारी धनिकांच्या गटाकडून सुमारे ९३,००० एकरांची जहागीर घेतली, ती मासेमारीच्या हक्कांसह. सामुदायिक मालकीत तोटे आणि मतभेद संपतात असे नाही. मात्र ते सभेत मांडता येतात आणि कारभारी बदलता येतात. शिवाय २००३ च्या भूमिसुधारणा कायद्याने क्रॉफ्टर समुदायांना जमिनीसोबत नद्या-तळ्यांतील सॅमनचे हक्कही, मालकाची इच्छा नसली तरी, सरकारी संमतीने विकत घेण्याची वाट दिली आहे.

म्हणून अशी गढी विक्रीला निघते, तेव्हा तिच्या दालनांचे वर्णन वाचून भागणार नाही. त्या किमतीत भिंतींचा वाटा किती आणि माशांचा किती, हे विचारले पाहिजे. भिंती ज्याला हव्या त्याने खुशाल घ्याव्यात. नदी मात्र विक्रीच्या यादीतून बाहेर काढली पाहिजे.