गाव नको, घाव पाहा

वाचकहो, मावळातील वीटभट्ट्यांवर आणि लोणावळ्याच्या बंगल्यांच्या बांधकामांवर परमुलखातील बाया पोटासाठी येतात. नवरा मारतो, मुकादम अंगचटीस येतो. दाद मागावी तर पहिला सवाल हाच : ‘तुझे गाव कोणते? तिकडे जा.’

आम्ही बजावून सांगतो, बाईस असे परत लावणे कायद्यास धरून नाही. घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याचे २७ वे कलम म्हणते की, बाई तात्पुरती जेथे राहते तेथल्या कोर्टातही तिला दाद मागता येते. म्हणजे भट्टीवरच्या झोपडीतील बाईस वडगाव मावळचे कोर्ट उघडे आहे. दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द न पाहता कोणत्याही ठाण्याने लिहून घ्यावी, असे २०२३ ची नागरिक सुरक्षा संहिता सांगते. मदतीसाठी १८१ हा फोन आहे.

पण अंगावर उचल, मालकाचा धाक, बुडणारा रोज आणि परकी भाषा. ती एकटी कशी जाणार? १८६३ साली जोतीराव-सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढून ज्या विधवांना आसरा दिला, त्या त्यांच्या ना जातीच्या होत्या, ना नात्याच्या. मग शेतकरी, सुतार, लोहारांच्या घरच्या आयाबायांनो, आपल्या शिवाराकडेच्या या बहिणीबरोबर वडगावपर्यंत जाणे आपणांस जड आहे काय?