आपली गुराब कशी दिसायची?

गेले काही महिने नवघरच्या आमच्या घरात, जेवणाच्या टेबलावर एक डच जहाज बांधलं जातंय. ‘बटाविया’ त्याचं नाव. शंभरास एक या प्रमाणात, म्हणजे मॉडेल साधारण ५६ सेंटीमीटर लांब. घरच्यांचा आक्षेप मुख्यतः फेविकॉलच्या डागांवर आहे. पण परवा भाच्याने वेगळाच प्रश्न टाकला, "मामा, डचांचंच का? आंग्र्यांचं का नाही करत?"

उत्तर सोपं आहे, आणि थोडं बोचणारं. डचांचं करता येतं कारण त्यांच्याकडे पुरावा आहे. १६२९ मध्ये हे जहाज ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्याजवळ बुडालं. त्याच्या मागच्या भागाची लाकडं १९७० च्या दशकात समुद्रातून वर काढली. निकोलास विट्सेन याने १६७१ मध्येच डच जहाजबांधणीवर जाडजूड ग्रंथ लिहून ठेवलेला. अशा आधारांवर विलेम वोस यांनी लेलिस्टाटला १९८५ ते १९९५ अशी दहा वर्षं खपून पूर्ण आकाराचं जहाज उभं केलं.

आणि आपलं? १७५४ मध्ये तुळाजी आंग्र्यांच्या आरमाराने तीन डच जहाजं गाठली. दोन मोठी जाळली, तिसरं धरलं. पण फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांनी विजयदुर्गावर हल्ला केला (पेशवे तेव्हा इंग्रजांच्या बाजूने होते!) आणि हे आरमार बंदरातच जळून गेलं. गुराबेचं नीट वर्णन मिळतं ते रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराकडे. दोन किंवा तीन डोलकाठ्या, लांबीच्या मानाने रुंद, पाण्यात फार खोल न बसणारी, पुढे निमुळती सोंड आणि त्या सोंडेवरून मारा करणाऱ्या दोन तोफा. एवढ्यावरून चित्र डोळ्यांपुढे येतं, पण फळी कापता येत नाही.

मग करूच नये का? माझं मत असं, की जरूर करावं, अंदाजानेच करावं, पण अंदाज कुठे केलाय ते सांगावं. प्रदर्शनात ‘मराठा जहाज’ म्हणून जी मॉडेल्स दिसतात, त्यांतली काही मला युरोपीय जहाजावर भगवा लावल्यासारखी वाटतात. बघणारा ते खरं मानून घरी जातो, आणि शोधायचं काही उरलंय हे त्याला कळतच नाही.

बांधायला घेतलं की प्रश्न पडतात, हा मोठा फायदा. मी गुराबेचं कच्चं चित्र घेऊन उत्तनला गेलो होतो. होड्या बांधण्यात आयुष्य गेलेल्या एका सुतारकाकांना ते दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "पुढे एवढ्या जड तोफा, मग मागे वजन काय ठेवलेलं?" मी इतकी पानं वाचली, पण हा प्रश्न मला सुचला नव्हता! लाकडी बोटी कमी होत चालल्यात. असे प्रश्न विचारणारी माणसंही कमी होणार.

अंदाजाने मोठं काम होतं याचं ताजं उदाहरण आहेच. ‘कौंडिण्य’ हे नौदलाचं शिवलेलं जहाज अजिंठ्याच्या चित्रावरून गोव्यात बांधलं. नकाशा नव्हता. आयआयटी मद्रासमध्ये आधी मॉडेलच्या चाचण्या झाल्या. फळ्या काथ्याच्या दोरीने शिवल्या. डिसेंबर २०२५ मध्ये ते पोरबंदरहून निघालं आणि जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोचलं. पाचव्या शतकातलं जहाज हुबेहूब असंच होतं, असं यावरून सिद्ध होत नाही. पण असं जहाज समुद्रात चालतं, हे आता नक्की कळलं.

असो. ‘बटाविया’ संपली की गुराब सुरू. ठरवलंय की पुराव्यातला भाग रंगवायचा आणि अंदाजाचा भाग कोऱ्या लाकडाचा ठेवायचा. बहुतेक गुराब कोरीच दिसेल. दिसू दे.

कोकणातल्या नातेवाइकांना एक विनंती. माळ्यावरच्या पेटीत जहाजाचं जुनं चित्र किंवा बांधणीच्या खर्चाचा कागद सापडला तर रद्दीत घालू नका. मला कळवा. एखादी तरी फळी रंगवता येईल.