पोलादी कांडी आणि अस्सलपणाचे सोवळे

पारंपरिक मेक्सिकन संगीतात स्टील गिटारला स्थान नाही, असे मानणारा एक सुशिक्षित रसिकवर्ग आहे. मारिआची म्हणजे व्हायोलिन, ट्रम्पेट, विउएला आणि गितार्रोन. त्यात मांडीवर आडवी ठेवून पोलादी कांडीने वाजवायची गिटार शिरली की परंपरा संपली आणि भेसळ सुरू झाली, असा या मंडळींचा निर्वाळा असतो. संगीत हा आमच्या अध्यापनाचा विषय नव्हे. तरीही या वादात पडणे आम्हांस भाग वाटते; कारण ज्या युक्तिवादाने स्टील गिटारला उंबरठ्याबाहेर ठेवले जाते, तोच युक्तिवाद लोकसाहित्याच्या तासाला आपण सारे बिनदिक्कत वापरत असतो.

प्रथम घरात कोण कोण बसले आहे ते पाहू. १५१९ मध्ये कोर्तेस मेक्सिकोच्या किनाऱ्याला लागला तेव्हा तिथे उएउएत्ल आणि तेपोनाझ्त्ली ही तालवाद्ये होती, बासऱ्या होत्या, शंख होते. गिटार, व्हायोलिन, हार्प यांपैकी एकही नव्हते. उत्तरेकडच्या नोर्तेन्यो संगीताचा प्राण मानला जाणारा अकॉर्डियन जर्मन आणि बोहेमियन स्थलांतरितांबरोबर एकोणिसाव्या शतकात आला. आणि ज्या ट्रम्पेटवाचून मारिआचीची आज कल्पनाही करवत नाही, तो तर अगदी अलीकडचा पाहुणा. १९३० मध्ये मेक्सिको शहरात एक्सईडब्ल्यू हे नभोवाणी केंद्र सुरू झाले. त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत नभोवाणी आणि चित्रपट यांच्या रेट्याने ट्रम्पेट मारिआचीत कायमचा झाला. २०११ मध्ये युनेस्कोने मारिआचीला अमूर्त वारशाच्या यादीत घेतले तेव्हा ट्रम्पेटची कुळकथा कोणी काढली नाही. मग पोलादी कांडीचीच का काढली जाते?

काढायचीच असेल तर ती नीट काढावी. हवाई बेटांवर मोकाट वाढलेली गुरे आवरण्यासाठी तिथल्या राजाने, तिसऱ्या कामेहामेहाने, १८३२ च्या सुमारास कॅलिफोर्नियातून वाकेरो, म्हणजे घोड्यावरून गुरे हाकणारे गुराखी, बोलावले. कॅलिफोर्निया तेव्हा मेक्सिकोचा भाग होता. हवाईतल्या गुराख्यांना आजही ‘पानिओलो’ म्हणतात. तो ‘एस्पान्योल’ या शब्दाचाच अपभ्रंश. या वाकेरोंनी तिथे गिटार रुजवली. पुढे १८८९ च्या आसपास जोसेफ केकुकू या शाळकरी मुलाने तारांवर धातूचा तुकडा सरकवण्याची रीत सिद्ध केली, असे सामान्यतः मानले जाते. (गॅब्रिएल डेव्हियन नावाच्या, मूळच्या भारतात जन्मलेल्या म्हणवल्या जाणाऱ्या खलाशालाही काहीजण हे श्रेय देतात. तेवढ्यावरून हे वाद्य ‘आपलेच’ असल्याची द्वाही कृपया कोणी फिरवू नये.) थोडक्यात, स्टील गिटार मेक्सिकन संगीतात वाजते तेव्हा घरातून गेलेली गिटारच वळण बदलून परत आलेली असते. आता यामुळे तिला वारसाहक्क मिळतो असे आमचे म्हणणे नाही. वंशावळ दाखवून प्रवेश मिळवणे हाच आम्हांस अमान्य असलेला खेळ आहे. पण तो खेळणाऱ्यांना निदान पत्ते तरी ठाऊक असावेत.

या वाद्याविरुद्ध एकच आक्षेप विचार करण्याजोगा आहे, आणि नेमका तोच फारसा घेतला जात नाही. हालिस्कोच्या ‘सोन’ या प्रकाराचा जीव उजव्या हाताच्या फटकाऱ्यांत असतो. सहा मात्रांचे कधी तीन-तीनचे दोन भाग, कधी दोन-दोनचे तीन. ही ओढाताण विउएला आणि गितार्रोन चालवतात. स्टील गिटारचा स्वर लांबणारा, घरंगळणारा. त्या फटकाऱ्यांच्या जागी तिला बसवले तर सोन लंगडा होईल, यात शंका नाही. परंतु रांचेराच्या संथ, तीन मात्रांच्या गाण्यात किंवा बोलेरोत काय होते? तिथे दोन व्हायोलिने एकमेकींपासून तिसऱ्या स्वराच्या अंतरावर जोडीने चालतात. हे अंतर स्वरसप्तकात कधी मोठे, कधी लहान असते. कांडी सरळ धरली तर दोन तारांमधले अंतर सर्वत्र सारखेच राहते आणि जोडी बिघडते. म्हणून वादकाला कांडी तिरपी करावी लागते, किंवा १९५० च्या दशकात रूढ झालेल्या पायपट्ट्यांनी एकेक तार हवी तेवढी चढवावी लागते. म्हणजे व्हायोलिनांची चाल उचलण्यासाठी वादकाला हातच नव्याने घडवावा लागतो. उआपांगोतला गायक छातीच्या आवाजातून एकदम वरच्या, चोरट्या आवाजात उडी घेतो. त्या उडीची नक्कल सरकत्या कांडीइतकी कोणते पडद्यांचे वाद्य करू शकेल? परंपरा शिकणे म्हणतात ते याहून वेगळे काय असते, हे आक्षेपकांनी सांगावे.

दुसऱ्या टोकाचे मित्रही आमच्या बाजूचे नाहीत. ‘सगळेच संकर आहे, तेव्हा काहीही चालते’ असे म्हणणाऱ्यांना विउएलाचा फटकारा आणि स्टीलची मींड यांतला फरक ऐकण्याचे श्रमच नको असतात. गाण्यावर कोथिंबीर भुरभुरावी तशी चार मिंडी भुरभुरून ‘फ्यूजन’ची पाटी लावणाऱ्यांची वकिली आम्ही करीत नाही.

आपल्याकडे या सोवळ्याचा इतिहास जुनाच. १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी होती. आणि त्याच पेटीच्या सुरांवर मराठी नाट्यसंगीत पोसले गेले होते, गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी तिला स्वतंत्र वाद्याची प्रतिष्ठा दिली होती. गणपतीच्या मिरवणुकीतला आपला बेंजो जपानी ताइशोगोतोच्या कुळातला आहे, हे तो वाजवणाऱ्याला माहीत नसते. त्याचे काही अडतही नाही.

अडते ते आमच्यासारख्या पदवीधारकांचे. आमच्या माहितीतील एका विद्यार्थिनीला लोकगीतांच्या संकलनातून काही गीते गाळण्याची सूचना झाली. कारण एवढेच की, ध्वनिमुद्रणात गाणाऱ्या बायकांच्या मागे बेंजो ऐकू येतो. गीतांचे शब्द, त्यांतले नातेसंबंध, माहेर-सासरची तक्रार, चाल बदलली तेव्हा शब्दांनी घेतलेले नवे वळण, यांपैकी कशाचीही तपासणी झाली नाही. बायकांनी मात्र बेंजोच्या गतीला जमावे म्हणून ओळीच आखूड केल्या होत्या, पालुपद हलवले होते. लोकवाङ्मयाचा अभ्यासक जे शोधत हिंडतो ते तिथे आयते समोर होते, आणि ते टोपलीत गेले. गाळणाऱ्यांना आमचा प्रश्न साधा आहे. परंपरेचे दार कोणत्या साली बंद झाले, तो आकडा त्यांनी सांगावा; आणि त्या सालाच्या आधी जे जे बाहेरून आत आले, त्याची यादीही सोबत जोडावी.